रुग्णालयाच्या संगणकीय माहिती प्रणालीवर काम शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील रुग्णालयांत नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिका, नोंदणी खिडकीवरील कर्मचारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि अभिलेख विभागातील लिपिक यांना काम शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक रुग्णालयातील सॉफ्टवेअर वेगळे असते. त्यामुळे कोणते बटण कोठे आहे हे या उत्तरांत सापडणार नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरवर बसले तरी उपयोगी पडेल एवढेच येथे आहे.

मला संगणक जेमतेम येतो. हे काम मला जमेल का?

जमेल. एमएस-सीआयटी झालेली असेल आणि मराठी व इंग्रजी टायपिंग बऱ्यापैकी येत असेल, तर संगणकाची बाजू पंधरा-वीस दिवसांत हाताखाली येते. अडते ते दुसरीकडे. केसपेपर खिडकीवरून निघालेला रुग्ण ओपीडीत कधी जातो, रक्त तपासणीची चिठ्ठी कोणाच्या हातात पडते, भरती करण्याचा निर्णय झाल्यावर खाट कोण देते, औषधांचे इंडेंट म्हणजे मागणीपत्र कोणत्या स्टोअरला जाते आणि डिस्चार्ज कार्ड तयार झाल्यावरही बिलासाठी नातेवाईक दोन तास का थांबतात, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला पडद्यावरील रकाने निरर्थक वाटतात. म्हणून माझा आग्रह असतो की नव्या माणसाने पहिले दोन-तीन दिवस संगणकाला हात न लावता, वही घेऊन, एकेका रुग्णाबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरावे. वरिष्ठांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण पुढे नोंदी दुरुस्त करण्यात जाणारा वेळ मोजला तर तो तसा नाही हे लक्षात येते.

एचआयएमएस, ईएमआर, एलआयएस, पॅक्स, एचएमआयएस ही सगळी एकाच गोष्टीची नावे आहेत का?

नाहीत. एचआयएमएस ही रुग्णालयाचा संपूर्ण कारभार सांभाळणारी प्रणाली असते आणि नोंदणी, खाटा, बिल, औषधसाठा हे सारे तिच्यात येते. ईएमआर म्हणजे त्यातील रुग्णाच्या उपचारांची नोंद. एलआयएस प्रयोगशाळेचे काम पाहते, तर पॅक्समध्ये एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्या प्रतिमा साठवल्या जातात आणि त्या डायकॉम नावाच्या मानकानुसार असतात. म्हणूनच एका कंपनीच्या यंत्रावर काढलेला सीटी दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडता येतो.

एचएमआयएस हे नाव मात्र फसवे आहे, कारण एचआयएमएसशी त्याचा फरक दोन अक्षरांच्या अदलाबदलीएवढाच दिसतो. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २००८ मध्ये सुरू झालेली प्रणाली असून तिच्यात एकेका रुग्णाची माहिती नसते. त्या महिन्यात किती प्रसूती झाल्या, किती बालकांना कोणती लस दिली, अशी संस्थेची आकडेवारी भरायची असते.

नोंदणी खिडकीवर नाव टाइप करण्यात एवढे शिकण्यासारखे काय आहे?

सर्वांत जास्त शिकण्यासारखे तेथेच आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत नवा माणूस तेथेच बसवला जातो.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्यांचे शहर आहे. शिवाय अक्कलकोटच्या पलीकडून, कलबुर्गी आणि विजयपूरकडून, तसेच धाराशिव जिल्ह्यातूनही रुग्ण येथे येतात. पूर्वभागातील एखाद्या पद्मशाली कुटुंबातील आजोबांचे नाव एका भेटीत व्यंकटेश, दुसऱ्या भेटीत वेंकटेश आणि तिसऱ्या भेटीत व्यंकटेशम असे लिहिले जाते; तेलुगू पद्धतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी सांगितले गेले तर आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव पडते. लग्न झालेल्या मुलीचे आधार कार्ड माहेरच्या नावावर असते आणि सासू खिडकीवर सासरचे नाव सांगते. नोंद इंग्रजी अक्षरांत करायची असेल, तर एकेका नावाची चार-चार स्पेलिंगे होतात. संगणकाच्या दृष्टीने ही सर्व वेगवेगळी माणसे असतात आणि प्रत्येकाला नवा नोंदणी क्रमांक मिळतो.

याचा परिणाम केवळ आकडा फुगण्यापुरता राहत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी एका क्रमांकाखाली नोंदलेली असते, मधुमेहाचे जुने अहवाल दुसऱ्याखाली असतात, आणि रात्री अपघात विभागात आलेल्या त्याच रुग्णासाठी तिसरा कोरा क्रमांक उघडला जातो. ड्युटीवरील डॉक्टरांना त्या कोऱ्या पडद्यावर अॅलर्जी दिसत नाही.

त्यामुळे नवा क्रमांक देण्यापूर्वी जुना शोधणे हीच या खिडकीची खरी विद्या आहे. "पूर्वी इथे आला होता का?" एवढे विचारून भागत नाही, कारण दातांसाठी आलेला माणूस आज पोटासाठी आला असेल तर तो "नाही" म्हणतो. "या इमारतीत कधी तरी केसपेपर काढला होता का?" असे विचारावे. शोध आधी मोबाइल क्रमांकाने घ्यावा, मग नावाच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांनी, मग गाव आणि वयाने. मात्र एकाच मोबाइलवर सारे घर नोंदलेले असते, त्यामुळे मोबाइल जुळला म्हणजे माणूस जुळला असे समजू नये. एकाच रुग्णाचे दोन क्रमांक आढळले, तर ते स्वतः एकत्र न करता अभिलेख विभागाला कळवावे. चुकीच्या दोन रुग्णांची एकत्र झालेली नोंद पुन्हा वेगळी करणे फार अवघड असते.

रुग्णाची ओळख नेमकी कशी पटवावी?

नाव, जन्मतारीख किंवा वय आणि नोंदणी क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद उघडू नये. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. रुग्णाची खाट दुपारी बदललेली असते. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असे विचारल्यास ऐकू न आलेली किंवा घाबरलेली बाई मान डोलावते, म्हणून नाव आपण उच्चारू नये, रुग्णाला सांगायला लावावे. एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन स्त्रिया समोरासमोर असताना एकीच्या साखरेचा अहवाल दुसरीच्या नोंदीत चढलेला मी पाहिला आहे. सकाळच्या राउंडला तो लक्षात आला आणि पुढचा अनर्थ टळला. पण अहवाल चढवणाऱ्या मुलीने खाट पाहिली होती, क्रमांक पाहिला नव्हता.

रुग्णाला जन्मतारीख माहीत नसेल तर काय टाकावे?

अंदाजे वय टाकावे आणि प्रणालीत "अंदाजे" अशी खूण असेल तर ती करावी. मनाने १ जानेवारी ही तारीख टाकण्याची सवय सर्वत्र आहे. त्यामुळे पुढे जन्मतारखेवरून रुग्ण शोधायला गेले की १ जानेवारीला जन्मलेल्यांची रांगच समोर येते. लहान मुलांच्या बाबतीत अंदाज अजिबात चालवू नये, कारण त्यांच्या औषधाची मात्रा वय आणि वजनावर ठरते.

आभा क्रमांक म्हणजे काय, आणि तो नसल्यास रुग्णाला परत पाठवावे का?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यापूर्वी ऑगस्ट २०२० पासून सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याची चाचणी चालू होती. या मिशनखाली प्रत्येक व्यक्तीला १४ अंकी आभा क्रमांक मिळू शकतो. त्याचा उपयोग असा की वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी, रुग्णाच्या संमतीने, एकमेकींशी जोडता येतात. अनेकांना वाटते तशा साऱ्या नोंदी दिल्लीतील एका मोठ्या संगणकात जाऊन पडत नाहीत. त्या ज्या रुग्णालयात तयार झाल्या तेथेच राहतात आणि संमती दिल्यावर मागणाऱ्याला दाखवल्या जातात.

आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणालाही उपचारांशिवाय परत पाठवू नये, आणि रांग लवकर संपावी म्हणून रुग्णाला न समजावता त्याच्या मोबाइलवरील ओटीपी मागून घेऊ नये. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवायची झाली, तर विडी वळणारे हात, यंत्रमागावरचे हात, शेतातील हात यांचे ठसे कष्टाने झिजलेले असतात आणि बोटांचे ठसे यंत्राला ओळखता येत नाहीत. अशा वेळी ओटीपीसारखा दुसरा मार्ग वापरावा. "आजी, नीट दाबा ना" असे चार वेळा ओरडल्याने ठसा उमटत नाही.

वॉर्डातील नोंदी करताना सर्वाधिक चुका कोठे होतात?

वेळ, दशांश चिन्ह आणि मागील नोंद पुढे ओढणे या तीन ठिकाणी.

ताप सकाळी सहा वाजता मोजलेला असतो आणि नोंद साडेनऊला होते. प्रणाली साडेनऊची वेळ आपोआप टाकते. मोजल्याची वेळ वेगळी भरण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते, ती वापरावी. अन्यथा साडेआठला दिलेल्या औषधानंतरही ताप होता असा अर्थ त्या नोंदीतून निघतो.

औषधाच्या मात्रेत मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटींचा फरक आहे. थायरॉइडचे औषध मायक्रोग्रॅममध्ये दिले जाते, आणि रकान्यात चुकीचे एकक निवडले गेले तर आकडा बरोबर असूनही नोंद घातक ठरते. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवे, म्हणजे ०.५, आणि पाच लिहिताना टिंबानंतर शून्य नको, कारण ५.० हे घाईत ५० वाचले जाते.

मागील नोंद जशीच्या तशी पुढे आणण्याचे बटण सोयीचे आहे, पण त्याच बटणामुळे सहा पाळ्यांत नाडी ७८ आणि श्वास १८ असेच राहतात. अशी फाइल पाहिली की अनुभवी मेट्रनला लगेच कळते, आणि न्यायालयात वकिलालाही कळते.

धोक्याचा इशारा देणारी चौकट समोर आली की "ठीक आहे" दाबून पुढे जाण्याची सवय दोन आठवड्यांत लागते. यात दोष केवळ कर्मचाऱ्याचा नाही. दिवसात शंभर निरर्थक इशारे देणारी प्रणाली माणसाला एकशे एकावा इशाराही वाचू देत नाही. कोणते इशारे निरुपयोगी आहेत याची यादी करून ती प्रणाली सांभाळणाऱ्यांना लेखी द्यावी; असे इशारे कमी करता येतात.

चुकीची नोंद झाली. ती पुसता येईल का?

पुसू नये, दुरुस्त करावी. कागदावर जसे आपण चूक एका रेघेने खोडून, शेजारी बरोबर लिहून, सही करत असू, तसेच येथे करायचे असते. जुनी नोंद वाचता येईल अशी राहते आणि नवी तिच्या पुढे लागते. नोंद कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या संगणकावरून बदलली हे प्रणाली मागे लिहून ठेवत असते. चूक लगेच सांगणाऱ्याला रागावणारे वरिष्ठ असतील, तर त्या विभागात चुका कमी होत नाहीत, फक्त उशिरा सापडतात.

पाळीवर घाई असते. एकच लॉगिन सर्वांनी वापरले तर काय बिघडते?

मी पूर्वी ज्या रुग्णालयात काम करत होतो, तेथे एका वॉर्डात संपूर्ण महिनाभर एकाच सिस्टरच्या नावाने काम चालू होते. त्या रजेवर असताना एका इंजेक्शनची दुबार नोंद झाली आणि चौकशीत नाव त्यांचे आले. आपण त्या दिवशी गावी होतो हे सिद्ध करायला त्यांना एसटीचे तिकीट शोधावे लागले. एवढे सांगितल्यावर वर्गातील प्रशिक्षणार्थी सहसा आपापला पासवर्ड बदलतात.

आयसीडीचे संकेतांक पाठ करावे लागतात का?

पाठ करण्याची गरज नाही, त्यांची रचना समजली पाहिजे. आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे वर्गीकरण आहे. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडे बहुतांश काम अद्याप दहाव्या आवृत्तीवरच चालते. पहिले अक्षर प्रकरण दाखवते, त्यानंतरचे दोन अंक रोग दाखवतात, आणि टिंबानंतरचा अंक तपशील सांगतो. ई११ म्हणजे टाइप २ मधुमेह, ई११.२ म्हटले की त्याने मूत्रपिंडावर परिणाम केला आहे, आणि ई११.९ म्हटले की गुंतागुंत नाही. घाईतला माणूस प्रत्येक मधुमेहीला ई११.९ देतो, आणि मग डायलिसिसला येणाऱ्या रुग्णांच्या मधुमेहात कागदोपत्री काहीच गुंतागुंत नसते. उच्च रक्तदाबाच्या आय१० या संकेतांकातील पहिले इंग्रजी अक्षर एकच्या अंकासारखे दिसते, त्यामुळे टाइप करताना त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मृत्यूच्या कारणाबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. रुग्णालयातील मृत्यूसाठी वैद्यकीय कारणाचा नमुना क्रमांक ४ भरला जातो. त्यात "हृदयक्रिया बंद पडल्याने" एवढेच लिहिलेले असेल, तर ते कारण नव्हे. प्रत्येकच मृत्यूत हृदय बंद पडते. ज्या आजारापासून ही साखळी सुरू झाली तो मूळ आजार नमुन्यातील कारणांच्या पहिल्या भागाच्या शेवटच्या ओळीत हवा. लिपिकाने कारण स्वतः ठरवायचे नाही, परंतु अर्धवट नमुना डॉक्टरांकडे परत नेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

या नोंदी पुढे कोण वाचतो असे विचारणाऱ्यांना मी बार्शीचे उदाहरण देतो. भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली आणि बार्शीबरोबर परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्यात आली. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसत, म्हणून कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयितांना तपासणीला आणत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ग्रामीण भागातील प्रमाण देशाला समजले त्यात या नोंदवह्यांचा वाटा आहे. तेव्हा टेबलावर संगणक नसेल, पण एकाच रुग्णाची दोनदा नोंद होऊ नये आणि निदान तपासून घ्यावे, हे नियम आजच्या प्रणालीतही तेच आहेत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे काम शिकणे वेगळे आहे का?

पाया तोच आहे, फक्त येथे कागद अपुरा असेल तर पैसे अडतात. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत सोलापूर होते. त्यामुळे आपल्याकडील आरोग्यमित्रांचा, म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्यांचा, अनुभव जुना आहे, त्यांच्याकडून शिकावे. उपचारांपूर्वी मंजुरी, उपचारांदरम्यानची छायाचित्रे व अहवाल, आणि डिस्चार्जनंतर दावा, असा क्रम असतो. शिधापत्रिकेवरील नाव, आधारवरील नाव आणि केसपेपरवरील नाव जुळत नसेल तर ते भरतीच्याच दिवशी पाहावे. डिस्चार्जच्या दिवशी ते लक्षात आले, तर रुग्ण बरा होऊन खाटेवर बसलेला असतो आणि मुलगा तहसील कार्यालयात फिरत असतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांसाठी काही वेगळे आहे का?

तेथे एकच व्यक्ती अनेक पोर्टलांवर तीच माहिती भरत असते, आणि ही तक्रार रास्त आहे. त्यातल्या त्यात क्षयरोगाच्या निक्षय प्रणालीकडे जास्त लक्ष द्यावे. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा पोषणासाठी रक्कम मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. बँक खात्याचा एक अंक चुकला तर ती रक्कम थांबते, आणि मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवरील रुग्णाला ती का आली नाही हे कोणी सांगत नाही.

वीज किंवा इंटरनेट गेले तर?

छापील कोरे नमुने प्रत्येक विभागात आधीच ठेवलेले असावेत. नोंद कागदावर करावी, त्यावर खरी वेळ लिहावी, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर "नंतर भरलेली नोंद" म्हणून चढवावी. आषाढी वारीच्या काळात पंढरपुरात लाखो लोक जमतात आणि मोबाइलचे जाळे कोलमडते, तेव्हा तात्पुरत्या उपचार केंद्रांवर कागदच कामाला येतो. कागद लगेच फाडून टाकू नये. नोंद तपासून झाल्यावर तो फाइलला लावावा.

सराव कोठे करता येईल? खऱ्या रुग्णांच्या नोंदींवर शिकण्याची भीती वाटते.

ती भीती योग्य आहे, आणि खऱ्या नोंदींवर सराव करूही नये. आपल्या रुग्णालयाच्या प्रणालीत प्रशिक्षणाची वेगळी प्रत आहे का ते विचारावे. नसल्यास ओपनएमआरएस ही जगभर वापरली जाणारी मुक्त प्रणाली इंटरनेटवर सरावासाठी विनामूल्य उघडता येते. छत्तीसगडमधील गनियारी येथील रुग्णालयासाठी तयार झालेली आणि त्याच पायावर उभी असलेली बाह्मनी ही प्रणाली आपल्या परिस्थितीला अधिक जवळची आहे. आयसीडी-१०चे स्वयंअध्ययन साधन जागतिक आरोग्य संघटनेने विनामूल्य ठेवले आहे. ज्यांना मानकांमध्ये खोल जायचे आहे, त्यांनी पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत असलेल्या, आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीच्या राष्ट्रीय संसाधन केंद्राचे साहित्य पाहावे. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली भारतात त्यांच्यामार्फत विनामूल्य वापरता येते.

नातेवाईक व्हॉट्सअॅपवर अहवाल मागतात. पाठवावा का?

स्वतःच्या मोबाइलवरून कधीही पाठवू नये. रुग्णाला त्याच्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी झाल्यापासून ७२ तासांच्या आत त्या द्याव्या लागतात. पण मागणारा रुग्ण स्वतः आहे किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती आहे, हे पाहून, अर्ज घेऊन, अभिलेख विभागातून त्या द्याव्यात. गावातील ओळखीचा माणूस "जरा बघून सांगा ना" म्हणतो तेव्हा नाही म्हणणे जड जाते, विशेषतः लग्न जुळवण्याच्या दिवसांत. तरीही नाहीच म्हणावे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, मात्र त्याआधीही हे चूकच होते.

आमचे ज्येष्ठ डॉक्टर संगणकावर लिहीत नाहीत, तोंडी सांगतात. मी काय करावे?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो आणि बहुधा तास संपल्यावर. तोंडी सांगितलेले औषध टाइप केल्यावर ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, मात्रा आणि वेळा यांसह, आणि त्यांनी होकार दिल्यावरच नोंद पुढे पाठवावी. उच्चारात सारख्या वाटणाऱ्या औषधांची पहिली चार अक्षरे सांगून खात्री करावी. नोंद आपल्या लॉगिनमधून, "डॉक्टरांच्या तोंडी सूचनेवरून" असा शेरा लिहून करावी, आणि पाळी संपण्यापूर्वी ती त्यांच्या लॉगिनमधून प्रमाणित करून घ्यावी. ते "उद्या बघू" म्हणाले, तर प्रमाणित न झालेल्या नोंदींची यादी छापून सकाळच्या राउंडच्या ट्रॉलीवर, बीपीच्या यंत्राशेजारी ठेवावी. तेथे ती नजरेआड होत नाही.